खानदेशातून स्टॉक फोटोग्राफी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांसाठी आहेत, पुढचे अडचणीत सापडलेल्यांसाठी. एजन्सींचे दर आणि नियम बदलत असतात, म्हणून आकडा महत्त्वाचा असेल तिथे आपल्या खात्यातलं ताजं पान एकदा उघडून बघा.

१. स्टॉक फोटोग्राफी म्हणजे नेमकं काय? फोटो विकला की तो माझा राहत नाही का?

फोटो तुमचाच राहतो. विकला जातो तो वापरण्याचा परवाना. तुम्ही एजन्सीच्या साइटवर फोटो टाकता. जाहिरातवाले, प्रकाशक, बातम्यांच्या साइट्स, शेती कंपन्या तो शोधून पैसे देतात आणि त्यातला हिस्सा तुम्हाला मिळतो. तोच फोटो उद्या दुसरा गिऱ्हाईक घेऊ शकतो. ‘रॉयल्टी-फ्री’ या शब्दाने बरेच जण फसतात. त्याचा अर्थ फुकट असा नाही. गिऱ्हाइकाने एकदा पैसे भरले की परवान्याच्या मर्यादेत तो फोटो पुन्हा पुन्हा वापरू शकतो, एवढाच त्याचा अर्थ.

२. भाऊ, मोबाईलना फोटो चालतस का?

चालतात. शटरस्टॉक आणि अॅडोबी स्टॉक या दोन्ही एजन्सींकडे किमान ४ मेगापिक्सेलची अट आहे, म्हणजे साधारण २४०० बाय १७०० पिक्सेल. आजच्या कुठल्याही बऱ्या फोनचा मुख्य कॅमेरा ही अट सहज पार करतो. अडचण वेगळीच असते. झूम बोटांनी ताणलेला असतो. पोर्ट्रेट मोडने कानाच्या कडा खाल्लेल्या असतात. किंवा फोटो व्हॉट्सअॅपवरून आलेला असतो. व्हॉट्सअॅपने साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकाराने इतका लहान होतो की ४ मेगापिक्सेलची अटही पुरी होत नाही. मित्राकडून स्वतःचा फोटो घ्यायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा.

मोबाईलवर काढताना मुख्य लेन्सच वापरा. फ्लॅश आणि फिल्टर बंद ठेवा आणि भरपूर उजेडात काढा. संध्याकाळनंतर फोनच्या फोटोत रवाळपणा येतो आणि तो पुसायला गेलं की चेहरे मेणाचे दिसतात.

३. कॅमेरा घ्यायचाच असेल तर कोणता?

२४ मेगापिक्सेलचा कुठलाही जुना डीएसएलआर किंवा मिररलेस, सोबत मिळणारी १८-५५ लेन्स आणि ५० एमएम एफ १.८. एवढ्यात पहिली दोन-तीन वर्षं निघतात. उरलेले पैसे ट्रायपॉडवर आणि गावोगाव फिरण्याच्या पेट्रोलवर घाला. महागडी लेन्स घेऊन रोज मेहरूण तलावावरचा सूर्यास्त काढणाऱ्यापेक्षा साध्या लेन्सवर कापूस वेचणी नीट टिपणारा इथे पुढे जातो.

४. कोणत्या एजन्सीपासून सुरुवात करू? सगळीकडे एकच फोटो टाकला तर चालतो का?

अॅडोबी स्टॉक आणि शटरस्टॉक या दोन ठिकाणी सुरू करा. हात बसला की आयस्टॉक आणि अलामी. तुम्ही ‘एक्सक्लुझिव्ह’ (फोटो फक्त त्याच एजन्सीला देण्याचा) करार केलेला नसेल तर एकच फोटो सगळीकडे टाकता येतो.

अलामीचा स्वभाव निराळा आहे. तिथे आधी ३ फोटोंची चाचणी असते, आणि एका खेपेत टाकलेल्या फोटोंपैकी एक जरी तांत्रिक तपासणीत नापास झाला तरी सगळी खेप परत येते. म्हणून तिथे एका वेळी थोडेच पाठवा. सण, जत्रा, राजकीय सभा असे संपादकीय फोटो (प्रश्न १४) मात्र अलामीवर बरे चालतात. खातं उघडायला वय १८ पूर्ण लागतं. ओळखीसाठी पासपोर्ट किंवा ड्रायव्हिंग लायसन्स असलेलं बरं.

५. महिन्याला किती पैसे मिळतील? खरं सांगा.

पहिले काही महिने जवळपास काहीच नाही. अॅडोबी फोटोच्या विक्रीतले ३३ टक्के देते, व्हिडिओचे ३५ टक्के. शटरस्टॉकवर १५ ते ४० टक्क्यांच्या सहा पायऱ्या आहेत. वर्षात जितक्या विक्री होतील तसे तुम्ही वर चढता, आणि १ जानेवारीला प्रत्येक जण पुन्हा तळाशी येतो. सबस्क्रिप्शनवर गेलेल्या फोटोचे तिथे कमीत कमी १० सेंट मिळतात, अॅडोबीवर साधारण ३३ सेंट.

आता हिशेब करा. शटरस्टॉकवर ठरावीक किमान रक्कम जमल्याशिवाय पैसे निघत नाहीत. सगळ्या विक्री १० सेंटच्या झाल्या तर दर १० डॉलरला १०० डाउनलोड लागतील. अॅडोबीवर मर्यादा २५ डॉलर, म्हणजे ३३ सेंटच्या हिशेबाने ७६ डाउनलोड. अधूनमधून एखादा मोठा परवाना जातो आणि एका विक्रीत कित्येक डॉलर येतात, पण त्याच्या भरवशावर गाडीचा हप्ता ठरवू नका. घर चालवायला फोटो स्टुडिओ, लग्नाच्या ऑर्डरी चालू ठेवाव्यात. हा धंदा त्यांच्या बाजूला हळूहळू वाढतो.

६. खानदेशात विकण्यासारखं आहे तरी काय? इथे ना समुद्र, ना बर्फ.

समुद्राचे आणि बर्फाचे लाखो फोटो आधीच पडून आहेत. गिऱ्हाईक अशा फोटोच्या शोधात असतो, जो दूरच्या फोटोग्राफरला सहज काढता येत नाही. रावेर, यावल, सावदा, फैजपूरकडची केळी घ्या. नुसता पिवळ्या केळांचा घड विकणारे हजार. पण कंद लावणं, ठिबकच्या नळ्या अंथरणं, घडाला प्लॅस्टिकची पिशवी चढवणं, कमळ (केळफूल) खुडणं, घड कापून खांद्यावर वाहणं, फण्या सोडवून पाण्यात धुणं, निर्यातीची खोकी भरणं ही साखळी पहिल्यापासून शेवटपर्यंत कितीशा लोकांनी काढली आहे? शेतीविषयक प्रकाशनं, ठिबक आणि खत कंपन्या, बँकांचे पीककर्जाचे माहितीपत्रक, सगळ्यांना असेच टप्पे लागतात. जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तेही वर्णनात यायला हवं.

तसंच कापसाचं. बोंड फुटण्यापासून जिनिंगपर्यंत काढा. गुलाबी बोंडअळीने पोखरलेलं बोंड फोडून अळी दिसेल असा जवळचा फोटो शोभेचा नसला तरी कृषी क्षेत्रातल्या गिऱ्हाइकाला नेमका तोच लागतो. किडी-रोगांचे स्वच्छ, शास्त्रीय नावासह फोटो इथल्या शेतात फिरणाऱ्याला फुकट मिळणारा माल आहे. केळीच्या पानावरचा करपा, विषाणूने पिवळे पट्टे पडलेलं पान, मक्यावरची लष्करी अळी, सगळं काढून ठेवा. फक्त ओळख पक्की करा. कृषी सहायकाला किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवून मगच नाव लिहा, कारण चुकीच्या नावाचा फोटो हा बिननावाच्या फोटोपेक्षा वाईट.

याशिवाय नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्या, साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावरच्या पवनचक्क्या, जळगावचा सराफ बाजार, तोरणमाळचं धुकं, भुसावळकडचं उन्हाळी पाणीटंचाईचं चित्र आहेच. आणि ज्याकडे कुणी वळून बघत नाही ते घरचं जग: मोबाईलवर बाजारभाव बघणारा शेतकरी, ऑनलाइन वर्गात बसलेली कॉलेजची मुलगी, यूपीआयचा क्यूआर कोड लावलेली भाजीची गाडी, आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजून घेणारी आजी. आजच्या निमशहरी भारताचे असे फोटो मागणीच्या मानाने कमी आहेत. यात माणसं येतात, म्हणून प्रश्न १२ वाचल्याशिवाय निघू नका.

७. केळीच्या बागेत काढलेले चेहरे आजारी, हिरवट दिसतात. का?

वरचा उजेड पानांतून गाळून येतो, त्यामुळे सगळ्यावर हिरवी झाक चढते. ऑटो व्हाइट बॅलन्स ती पूर्ण काढू शकत नाही. रॉ फॉरमॅटमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न झालेली मूळ फाइल) काढा आणि माणसाच्या चेहऱ्याजवळ ग्रे कार्ड धरून एक फोटो घ्या. मग सॉफ्टवेअरमध्ये त्या कार्डावरून रंग जुळवा. कार्ड नसेल तर टिंटची पट्टी मॅजेंटाकडे १० ते २० सरकवून बघा, कातडी माणसाची दिसू लागली की थांबा.

दुसरा त्रास म्हणजे पानांतून पडणारे उन्हाचे कवडसे. अर्धा चेहरा पांढराफटक, अर्धा काळा. ढगाळ दिवस निवडा किंवा सकाळी आठच्या आत काम उरका. चेहऱ्याच्या सावलीकडच्या बाजूला पांढरा मोठा कार्डशीट धरला तरी पुरतं. केळीच्या चिकाचे डाग कपड्यावरून जात नाहीत, कॅमेऱ्याच्या पट्ट्यावरूनही नाही. घड कापताना दोन पावलं मागे राहा.

८. मिरचीच्या पथारीचे फोटो लाल चिखलासारखे येतात. सुटी मिरची दिसतच नाही.

हा सगळ्यात जास्त येणारा तांत्रिक प्रश्न. गडद लाल रंग कॅमेऱ्याचा लाल चॅनेल आधी भरून टाकतो. साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल चॅनेल उजव्या भिंतीला जाऊन धडकलेला असतो. तिथला तपशील गेला की परत येत नाही. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू करा आणि लाल भिंतीपासून सुटेपर्यंत एक्स्पोजर कमी करा. बहुतेक वेळा उणे दोन तृतीयांश स्टॉप पुरतं. एडिट करताना लाल रंगाची सॅच्युरेशन वाढवायची नाही, उलट १०-१५ ने कमी करायची, कारण शेवटी एसआरजीबीत (वेबसाठीच्या नेहमीच्या रंगपद्धतीत) साठवताना रंग आणखी चेपतो.

उजेड तिरका हवा. सूर्य उगवल्यावरच्या पहिल्या तासात प्रत्येक मिरचीला स्वतःची सावली असते, देठ आणि सुरकुत्या दिसतात. दुपारी तीच पथारी सपाट गालिचा होते. नुसता लाल विस्तार पुष्कळांनी काढला आहे. दाताळ्याने मिरची उलटणारे हात, ओली आणि वाळलेली मिरची शेजारी-शेजारी, पोती भरणं, तोलणं हेही घ्या.

मिरचीची धूळ घशात जाते आणि लेन्सवरही बसते. तोंडाला रुमाल बांधा. तिथे उभं राहून लेन्स बदलू नका. धूळ आधी ब्लोअरने उडवा, कोरड्या कापडाने पुसली तर काचेवर ओरखडे उमटतात.

९. एप्रिल-मे मध्ये लांबचे फोटो मऊ का येतात? लेन्स खराब झाली का?

लेन्स ठीक आहे, हवा तापली आहे. तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरत वर जाते आणि टेलिफोटोतून सातपुडा पाण्यात बुडाल्यासारखा दिसतो. शटर कितीही वेगवान ठेवलं तरी उपयोग नाही. लांबची दृश्यं सकाळी नऊच्या आत घ्या, त्यानंतर जवळची कामं करा. उन्हाळा मुळात उन्हाळ्याचेच फोटो काढायचा काळ आहे: भेगाळलेली जमीन, टँकरभोवतीची गर्दी, रसवंती, माठ, डोक्यावर उपरणं. त्यांना वर्षभर मागणी असते.

१०. खाण्याचे फोटो चालतात का? शेवभाजी, भरीत वगैरे?

चालतात, आणि इथल्या पदार्थांना स्पर्धा कमी आहे. ताटातलं तयार भरीत तपकिरी गोळा दिसतं, त्यामुळे नुसता तो फोटो उठत नाही. काड्यांच्या जाळावर भाजली जाणारी हिरवी वांगी, तडकलेली काळी साल, ती सोलणारी बोटं, लाकडी भांड्यात ठेचणं, वरून कांद्याची पात, आणि बाजूला कळण्याची भाकरी, असा क्रम घ्या. खापरावर मांडा पसरताना हात आणि मांडा दोन्ही हलतात, त्याला १/५०० च्या वर शटर लागतं. शेवभाजीची तर्री चमकते. उजेड समोरून टाकलात तर पांढरा डाग पडेल, म्हणून खिडकी ताटाच्या मागे किंवा बाजूला ठेवा. शेव भाजीत टाकल्यावर मिनिटभरात मऊ पडते. आधी फ्रेम, फोकस, उजेड सगळं ठरवा आणि शेव शेवटी घाला.

११. फोटो नाकारले गेले. कारण ‘फोकस’, ‘नॉईज’, ‘सिमिलर कन्टेन्ट’. मला तर फोटो चांगला दिसतो.

फोनच्या पडद्यावर सगळेच फोटो चांगले दिसतात. संगणकावर १०० टक्के आकारात उघडा आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरकवत बघा. फोकस डोळ्यावर आहे की पदरावर? सावलीत रवा दिसतो का? आकाशात सेन्सरवरच्या धुळीचे करडे ठिपके आहेत का? कापसाच्या शेतात आणखी एक जागा तपासा: निळ्या आकाशासमोर पांढरं बोंड असेल तर त्याच्या कडेला जांभळी रेघ येते. सॉफ्टवेअरमधल्या लेन्स करेक्शनच्या एका क्लिकने ती जाते, पण राहिली तर फोटो परत येतो.

‘सिमिलर कन्टेन्ट’ म्हणजे तोच फोटो अर्धा इंच सरकून पुन्हा काढलेला. एका प्रसंगातून आडवा, उभा, जवळचा, लांबचा, आणि मजकुरासाठी मोकळी जागा सोडलेला असे चार-पाच निवडा. बाकीचे हार्ड डिस्कवरच राहू द्या. तारीख, वॉटरमार्क, स्टुडिओचं नाव फोटोवर नको. पाठवायचा तो जेपेग, एसआरजीबी. लहान फोटो ताणून मोठा करू नका.

१२. शेतकऱ्याने तोंडी ‘काढ ना भाऊ’ म्हटलं. एवढं पुरतं का?

जाहिरातीसाठी विकायचा असेल तर नाही. ओळखता येईल अशा प्रत्येक माणसाचा सही केलेला मॉडेल रिलीज (फोटो वापरायची लेखी संमती) लागतो. चेहरा रुमालाने झाकलेला असला तरी कपडे, दागिने, हातावरचं गोंदण यांवरून माणूस स्वतःला ओळखू शकत असेल तर रिलीज घ्यावा. फोटोत चार मजूर असतील तर चार रिलीज.

फॉर्म इंग्रजीत असतो, म्हणून तो आधी मराठीत किंवा अहिराणीत नीट समजावून सांगा. हा फोटो कुठल्याही जाहिरातीत, कुठल्याही देशात येऊ शकतो, आणि एकदा परवाना विकला गेला की माघारी घेता येत नाही, ही दोन वाक्यं टाळू नका. फॉर्मवर नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो काढल्याची तारीख आणि साक्षीदार भरा. साक्षीदार तुम्ही स्वतः किंवा तोच मॉडेल नको. सहीऐवजी अंगठा असेल तर फोटो टाकण्याआधी एजन्सीच्या सपोर्टला विचारून घ्या. नंतर सही आणायला पुन्हा शेतात गेलं की माणूस हंगाम संपवून सुरतेला गेलेला असतो, म्हणून फॉर्म कॅमेऱ्याच्या बॅगेतच ठेवा. मानधन दिलं तर उत्तम. निदान एक छापील फोटो तरी नेऊन द्या. पुढच्या वेळी तेच घर दार उघडतं.

साधं, ओळखू न येणारं शेत असेल तर जागेचा रिलीज सहसा मागत नाहीत. वाडा, हॉटेल, दुकान, कारखाना यांना लागतो.

१३. लहान मुलांचे आणि सातपुड्यातल्या आदिवासी बांधवांचे फोटो?

अठरा वर्षांखालच्या मुलाच्या रिलीजवर आई-वडिलांची किंवा पालकाची सही लागते. शिक्षकाची चालत नाही.

काठी गावची होळी असो की भोंगऱ्या बाजार, तिथली माणसं नटून-सजून आलेली असतात ती त्यांच्या सणासाठी. कॅमेरा समोर धरण्याआधी विचारा. नाही म्हटलं तर पुढे चला. हे फोटो संपादकीय म्हणूनच टाका (प्रश्न १४). वर्णनात ‘मागास’, ‘गरीब’ असले शब्द नकोत. समाजाचं नाव माहीत असेल तर नेमकं लिहा, भिल्ल आणि पावरा एकच समजू नका. उघड्या अंगाच्या मुलांचे फोटो अजिबात टाकू नयेत.

१४. रिलीज नाही, पण फोटो जबरदस्त आहे. काय करू?

‘एडिटोरियल’ म्हणून टाका. असा फोटो बातमी, लेख, पाठ्यपुस्तक यांत वापरता येतो, जाहिरातीत नाही. सारंगखेड्याचा घोडेबाजार, जळगावचा रथोत्सव, कानबाईची मिरवणूक, अमळनेरच्या बोरी नदीच्या पात्रातली सखाराम महाराजांची यात्रा, सगळं याच खात्यात.

इथे कॅप्शनची शिस्त कडक असते. शटरस्टॉकला आधी गाव आणि देश, मग तारीख, मग कोलन (:) आणि पुढे काय घडतंय ते लागतं. उदाहरणार्थ ‘सारंगखेडा, इंडिया - डिसेंबर ४, २०२५:’ आणि पुढे एक साधं इंग्रजी वाक्य. कॅमेऱ्याची तारीख चुकीची असेल तर इथे पकडले जाता. फोटोतून काहीही पुसू किंवा जोडू नका. विजेची तारही नाही. रंग-उजेडाची माफक दुरुस्ती आणि क्रॉप एवढंच.

१५. ट्रॅक्टरवरचं नाव, बियाण्याच्या पिशवीवरचं चित्र, हे दिसलं तर चालतं का?

जाहिरातीच्या फोटोत नाही. ट्रॅक्टरचं नाव, ठिबक नळीवरची छपाई, खताची गोणी, शर्टवरचा लोगो, केळीच्या खोक्यावरचा ब्रँड, सगळं क्लोन टूलने साफ करावं लागतं. काढण्याआधीच खोकं फिरवून ठेवलं, गोणी उलटी टाकली तर तासभराचं काम वाचतं. ट्रॅक्टरच्या ठराविक रंगसंगतीवरूनही नकार येतो, तेव्हा जवळून फक्त नांगराचा फाळ आणि माती घ्या. संपादकीय फोटोत लोगो राहिला तर हरकत नाही.

१६. मंदिरं, लेणी, किल्ले, पुतळे, गणपतीच्या मूर्ती?

मुक्ताईनगरजवळचं चांगदेव मंदिर, पाटणादेवीजवळचं महेश्वर मंदिर, घाटावरची पितळखोरे लेणी ही पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. हातात कॅमेरा धरून काढलेला फोटो वेगळा, पण ट्रायपॉड आणि व्यावसायिक चित्रणाला आधी परवानगी लागते. त्यामुळे असे फोटो संपादकीयमध्येच ठेवणं शहाणपणाचं. गाभाऱ्यात कॅमेरा नेण्याबाबत त्या त्या देवस्थानाचा शब्द अंतिम.

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभ्या असलेल्या शिल्पाचा फोटो काढणं हा भंग नाही. ही सूट भिंतीवर रंगवलेल्या चित्राला नाही, आणि दहा दिवसांसाठी बसवलेल्या गणेशमूर्तीला तिचा आधार घेता येत नाही. मूर्तिकाराची मूर्ती ही त्याची कलाकृती असते. मूर्तीवर रंगाचा हात फिरवणारे कारागीर काढायचे तर कारखानदाराचा प्रॉपर्टी रिलीजही घ्या.

१७. भुसावळ स्टेशन, दीपनगरचं वीज केंद्र, ड्रोन?

स्टेशनवर व्यावसायिक फोटोग्राफीला रेल्वेची परवानगी लागते. त्यासाठी भुसावळ विभागीय कार्यालयात अर्ज करा. वीज केंद्र आणि वरणगावचा आयुध कारखाना यांच्या आसपास कॅमेरा काढूच नका.

ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे ड्रोनची नोंदणी हवी. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलट प्रमाणपत्र लागत नाही. त्यावर २ किलोपर्यंत फक्त हौसेसाठी उडवलात तरच सूट. फोटो विकायला काढणं ही हौस नव्हे. उडवण्याआधी डिजिटल स्काय नकाशा बघा. हिरव्या भागात १२० मीटरपर्यंत परवानगीची गरज नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत मात्र जमिनीपासूनच परवानगी लागते, आणि जळगावच्या आसपासची बरीच केळी त्यात येते.

१८. नावं आणि कीवर्ड कसे द्यायचे? माझं इंग्रजी कच्चं आहे.

साधं इंग्रजी पुरतं. शीर्षकात कोण, काय करतंय, कुठे, एवढं एका वाक्यात लिहा. अॅडोबीवर ४९ आणि शटरस्टॉकवर ५० कीवर्डची मर्यादा आहे, पण २५ ते ३५ नेमके शब्द पुरे. अॅडोबीवर पहिल्या दहा शब्दांना जास्त वजन असतं, त्यामुळे सगळ्यात नेमके शब्द वर.

एकाच वस्तूची वेगवेगळ्या देशांतली नावं द्या. वांग्याला ब्रिंजल, एगप्लांट, ऑबर्जिन तिन्ही. मिरचीचं स्पेलिंग एका ‘एल’ने आणि दोन ‘एल’नेही. पिकाचं शास्त्रीय नाव, गाव, जिल्हा, राज्य, देश घाला. मग कृती आणि हंगाम. ‘खानदेश’, ‘भरीत’, ‘कानबाई’ हे शब्द रोमन लिपीत तसेच ठेवा. शोधणारे थोडे, पण जो शोधतो त्याच्यासमोर तुमचाच फोटो येतो. फोटोत नसलेली गोष्ट लिहू नका. केळीच्या फोटोला ‘मँगो’ लावल्याने विक्री वाढत नाही, खातं मात्र नजरेत येतं.

१९. मी लग्नाचे फोटो काढतो. तेच स्टॉकवर टाकले तर?

नको. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणारा असतो. म्हणजे नवरा-नवरीच्या घरचे. हळदीच्या हातांचा चेहरा नसलेला फोटोही याच नियमात बसतो. लग्नाचे फोटो हवेत तर मॉडेल घेऊन वेगळं शूट करा, किंवा ऑर्डर घेतानाच करारात लेखी कलम आणि सगळ्यांचे रिलीज घ्या. नोकरी करणाऱ्यांना हाच इशारा: वर्तमानपत्रासाठी नोकरीत असताना काढलेले फोटो प्रसिद्धीपुरते मालकाचे असतात, आधी नेमणूकपत्र वाचा.

२०. एआयने बनवलेली चित्रं टाकली तर?

अॅडोबी घेते, पण ‘जनरेटिव्ह एआय’ची खूण करणं बंधनकारक आहे. शटरस्टॉक आणि गेटी-आयस्टॉक आपल्यासारख्यांकडून एआय चित्रं घेत नाहीत. शेतीच्या विषयात एआय अजून अनेकदा फसतं. खऱ्या घडात केळी वरच्या दिशेने वळलेली असतात, ही गोष्टही पुष्कळदा उलटी निघते. तुमच्याकडे खरी बाग असताना नकली कशाला?

२१. पैसे बँकेत कसे येतात? पॅन, कर, जीएसटी?

पेपाल किंवा पेओनियरमार्फत. पॅन, बँक खातं आणि एजन्सीचं खातं या तिन्हींवर नाव एकसारखं हवं. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे वडिलांचं नाव गाळलेलं, इथेच बहुतेकांचे पैसे अडकतात.

अमेरिकी एजन्सीला डब्ल्यू-८ बेन हा (अमेरिकेबाहेरच्या माणसाचा) कराचा फॉर्म ऑनलाइन भरून द्या. परदेशी करदाता क्रमांकाच्या जागी पॅन. तो भरला की अमेरिकेतल्या विक्रीवर भारत-अमेरिका कराराप्रमाणे १५ टक्के कापले जातात, नाही भरला तर ३० टक्के. कापलेला कर इथल्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो, त्याचा फॉर्म विवरणासोबत सीएकडून भरून घ्या. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची उलाढाल आहे. त्यात लग्नाच्या ऑर्डरींचे पैसेही मोजले जातात.

२२. गावात नेट संथ आहे. अपलोड मध्येच तुटतं.

ब्राउझरऐवजी एफटीपी (थेट फाइल पाठवण्याची पद्धत) वापरा. फाइलझिलासारख्या मोफत प्रोग्राममध्ये एजन्सीने दिलेला पत्ता आणि पासवर्ड टाकून रात्री रांग लावून झोपा. तुटलं तरी पुढची फाइल आपोआप सुरू होते. शीर्षक आणि कीवर्ड आधीच फाइलच्या आत भरून ठेवा, म्हणजे प्रत्येक एजन्सीवर पुन्हा टाइप करावं लागत नाही. सणांचे फोटो दोन-तीन महिने आधी चढलेले हवेत. यंदाचा पोळा पुढच्या वर्षीच्या गिऱ्हाइकासाठी.

२३. माझा फोटो एका बॅनरवर दिसला. चोरी आहे का?

आधी घाई करू नका. तो परवाना घेऊन वापरलेला असू शकतो, आणि गिऱ्हाइकाचं नाव एजन्सी सहसा कळवत नाही. बॅनरचा फोटो, जागा, तारीख नोंदवून एजन्सीला विचारा. परवाना नसेल तर मूळ रॉ फाइल हाच तुमचा पुरावा, म्हणून रॉ कधीच पुसू नका. दोन डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. फोटोचा कॉपीराइट फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो.

२४. मॉडेलने आता नकार दिला, किंवा मलाच एजन्सी सोडायची आहे. फोटो काढून घेता येतात का?

साइटवरून उतरवता येतात. पण आधी विकले गेलेले परवाने चालूच राहतात, आणि भागीदार साइट्सवरून फोटो हटायला वेळ लागतो. खातं बंद करण्याआधी शिल्लक रक्कम किमान मर्यादेपर्यंत पोचू द्या, पैसे काढा, वर्षाचा कर-दाखला डाउनलोड करा, मगच बंद करा. एक्सक्लुझिव्ह करार असेल तर तो संपल्याची लेखी खात्री मिळेपर्यंत तेच फोटो दुसरीकडे चढवू नका.